मदत हवी आहे: शिबपूरचा वड, आईचे गुडघे आणि हातात एकच सकाळ

नमस्कार मंडळी, डिसेंबरमधे आईला (वय ७१) घेऊन कोलकात्याला चाललोय, बहीण पण आहे बरोबर. दक्षिणेश्वर, बेलूर मठ, व्हिक्टोरिया सगळं ठरलंय, घोळ फक्त शेवटच्या दिवसाचा आहे. रात्री हावड्याहून आझाद हिंदने पुण्याला परत, म्हणजे सकाळ मोकळी, आणि त्या सकाळी आईला शिबपूरच्या बोटॅनिकल गार्डनमधला वड बघायचाय.

चूक माझीच. बाग १७८७ ची, कंपनी सरकारच्या कर्नल किडने जहाजांना सागवान आणि व्यापाराला मसाले मिळावेत म्हणून सुरू केली, असलं काय काय मी तिला वाचून दाखवत होतो, ते तिने एका कानाने ऐकलं. पण पुढे आलं की तिथल्या वडाला मूळ खोडच नाही, १८६४ आणि १८६७ च्या वादळांत मोडतोड झाली, मग बुरशी लागली आणि १९२५ मधे खोड कापूनच काढलं, तरी झाड आपलं पारंब्यांवर उभंय आणि पसरतंच आहे. यावर आई दोन मिनिटं गप्प आणि मग म्हणे, "मग सूत कुठे गुंडाळतात रे?" चाळीसेक वर्षं वटपौर्णिमा केलेल्या बाईचा प्रश्न आहे, मला काय उत्तर देणार कप्पाळ. तेव्हापासून व्हिक्टोरिया राहिलं तरी चालेल पण वड बघायचाच.

आता अडचण. बाग १०९ हेक्टर म्हणजे अडीचशे एकरांच्या वर, आणि नकाशात वड मेन गेटपासून बराच आत दिसतोय. आई सपाट रस्त्यावर वीसेक मिनिटं चालते, मग तिला बसायला लागतं. आत बॅटरीवर चालणारी गाडी असते असं ऐकलंय, ती खरंच मिळते का? आणि हॉटेल सोडल्यावर बॅगांचं काय करायचं, हावडा स्टेशनच्या क्लोकरूममधे टाकून मग जावं का? बहिणीचं म्हणणं झाडंच बघायची तर एम्प्रेस गार्डन आहे की घराजवळ, तिच्याकडे दुर्लक्ष करा.

प्रतिसाद
हावड्यात सहा वर्षं काढलीत म्हणून सांगतो. गाडीच्या भरवशावर जाऊ नका, मिळाली तर बोनस समजा. हावडा स्टेशनहून ५५ नंबरची बस बागेपर्यंत जाते, कंडक्टरला नुसतं 'बी गार्डन' म्हणायचं, पण काकूंना घेऊन असाल तर सरळ टॅक्सी करा. आत सावली भरपूर आहे, घाई केली नाही तर बसत उठत जमेल. वडाला कुंपण आहे, हात लावता येत नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. त्याच्याभोवतीचा रस्ता साधारण ३३० मीटरचा, पण झाड तो ओलांडून कधीच पलीकडे गेलंय, तेव्हा पूर्ण प्रदक्षिणेचा हट्ट नको. लांबून अख्खं जंगल वाटतं, एक झाड आहे हे पटतच नाही. आणि मुख्य म्हणजे तुमचा शेवटचा दिवस कोणता वार आहे? सोमवारी बाग बंद असते.

धागाकर्ता
सोमवारच आहे 😭 बरं झालं विचारलं. व्हिक्टोरियाशी अदलाबदल करावी म्हटलं तर ते म्युझियम पण सोमवारी बंद.

प्रतिसाद
मग वड रविवारी करा आणि दक्षिणेश्वर सोमवारी, मंदिरात गर्दी पण कमी लागेल. फक्त डिसेंबरातल्या रविवारी तिथे सहलींची झुंबड असते, गेट उघडताना पोचा.

धागाकर्ता
डन. रविवारी हॉटेल असणारच, म्हणजे बॅगांचा प्रश्न पण गेला. आईला कुंपणाचं सांगितलं, ती म्हणे चालेल, लांबून नमस्कार करते. तरी बॅगेत सुताचं रीळ टाकलेलं बहिणीने बघितलंय.