दोन पगार असूनही महिनाअखेर ओढाताण: घरखर्चाचा हिशेब कसा सुरू करावा?

मुलुंडकर:
नमस्कार मंडळी. आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो आणि मुलगा चौथीत आहे. दोघांचे मिळून महिन्याला सुमारे १,१५,००० रुपये हातात येतात. त्यांतून ३८,००० रुपयांचा गृहकर्जाचा हप्ता जातो, गावी आईवडिलांना ८,००० रुपये पाठवतो आणि विशेष चैन न करताही पंचवीस तारखेनंतर खात्यात फारसे काही उरत नाही. रिक्षापासून कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत सगळे पैसे मोबाईलवरून जातात. खात्याचा उतारा उघडला की माणसांच्या नावांची नुसती रांग दिसते, आणि त्यांतला भाजीवाला कोण, इस्त्रीवाला कोण, हे आठवड्याभरानंतर ओळखू येत नाही. निम्मे उत्पन्न गरजांना, तीस टक्के हौसेमौजेला आणि वीस टक्के बचतीला हा नियम वाचला, पण हप्ता, शाळेची फी आणि किराणा यांतच तो मोडतो. वही घालावी, ॲप घ्यावे की एक्सेलमध्ये तक्ता करावा? आमची खाती वेगवेगळी आहेत, क्रेडिट कार्ड मात्र एकच आहे.

जमाखर्ची:
साधन कोणतेही घ्या, त्याने फारसा फरक पडणार नाही. माझ्या मते खरी अडचण कोथिंबिरीच्या जुडीत नसून दरमहा न येणाऱ्या खर्चांत आहे. सोसायटीचा मेंटेनन्स अनेक ठिकाणी तिमाही असतो, पाइपच्या गॅसचे बिल दोन महिन्यांनी येते, जूनमध्ये गणवेश, वह्यापुस्तके आणि शाळेच्या बसचे पैसे एकदम भरावे लागतात, मग गणपतीला गावी जाणे होते आणि पाठोपाठ दिवाळी येते. यांतले काही आले की ‘या महिन्यात जरा जास्तच झाले’ असे म्हणून आपण तो महिना हिशेबातून सोडून देतो, पण मोजायला बसले तर वर्षातले बहुतेक महिने तसेच निघतात.

म्हणून अंदाजपत्रक आधी वर्षाचे करावे. उदाहरणादाखल आकडे मांडतो: आरोग्यविमा ३०,०००, जूनचा शाळेचा खर्च २४,०००, आयुर्विमा २४,०००, गणपतीचा प्रवास व खर्च १८,०००, घरकामाच्या ताईंच्या बोनससह दिवाळी ३०,००० आणि दुचाकीचा विमा व सर्व्हिसिंग ६,०००. एकूण १,३२,००० झाले, म्हणजे महिन्याला ११,०००. पगार जमा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तेवढी रक्कम वेगळ्या बचत खात्यात आपोआप वळती होईल, अशी सूचना बँकेला देऊन ठेवा आणि त्या खात्याला यूपीआय मुळीच जोडू नका. तुमचे आकडे वेगळे असतील; दोघांचे मागच्या १२ महिन्यांचे उतारे काढून एका रविवारी एकत्र बसलात, तर ते सापडतील. राहता राहिला तो टक्क्यांचा नियम. तो अमेरिकेतून आलेला आहे, आणि तुमच्याकडे घराचा हप्ताच उत्पन्नाचा तिसरा हिस्सा घेतो, तेव्हा त्यात बसत नाही म्हणून खंत करू नये.

पै_पै:
वर्षाच्या यादीबद्दल दुमत नाही, पण साधनाने फरक पडत नाही हे मला पटत नाही. लहान रकमांसाठी तुम्ही यूपीआय लाइट वापरत असाल, तर बँकेच्या उताऱ्यात फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते; त्यातून दिलेले दहा-वीस रुपये तिथे स्वतंत्रपणे येत नाहीत, ते ॲपमध्येच पाहावे लागतात. केवळ उताऱ्यावर विसंबणाऱ्याचा भाजीचा खर्च म्हणूनच नाहीसा होतो. पैसे देतानाच शेऱ्याच्या जागी ‘भाजी’ किंवा ‘इस्त्री’ एवढे लिहिण्याची सवय लावली, तर नावांची रांग वाचता येते.

दुसरी बाब क्रेडिट कार्डाची. खरेदी केली त्या दिवशी खर्च मांडावा आणि बिल भरले त्या दिवशी तो पुन्हा मांडू नये, नाहीतर एकच किराणा दोनदा मोजला जातो. बिल मात्र पूर्णच भरावे. किमान देय रक्कम भरून बाकी पुढे ढकलली की त्या बाकीवर व्याज लागतेच, शिवाय नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. आणखी एक सावधगिरी: मोबाईलमधले संदेश वाचून आपोआप हिशेब करणारी ॲप्स सोयीची असली, तरी आपले सगळे व्यवहार त्यांना दिसू द्यायचे का, हे आधी ठरवावे.

गिरगावची_वहिनी:
मी वहीच वापरते आणि तीत सहा-सातच सदरे ठेवते: घर, किराणा-भाजी, शाळा, प्रवास, औषधपाणी, देणेघेणे आणि इतर. याहून अधिक फाटे फोडणाऱ्यांचा हिशेब सहसा दुसऱ्या महिन्यात बंद पडतो. मोठ्या दुकानातल्या एका बिलात डाळ, साबण आणि मुलाचे मोजे एकत्र येतात. ते वेगळे करत बसू नका, सगळे किराण्यात घाला. ‘इतर’चा आकडा किराण्याच्या जवळ जाऊ लागला, तरच ते सदर फोडा. शिवाय हिशेब एकाने लिहायचा आणि दुसऱ्याने जाब द्यायचा, असे घरात होऊ देऊ नका. त्यातून फक्त भांडणे होतात. दोघांनी आपापल्या पगारातून थोडी रक्कम स्वतःसाठी काढून ठेवावी आणि तिच्याबद्दल कोणी कोणाला विचारू नये.

मुलुंडकर:
सर्वांचे आभार. उतारे काढले. आमची वर्षाची यादी १,४०,००० रुपयांच्या वर जाते आहे. तिचा बारावा हिस्सा दरमहा बाजूला काढणे आत्ता शक्य नाही. मग कोणता खर्च आधी धरावा?

जमाखर्ची:
तारखेने जो जवळ आहे, तो. जून येईपर्यंत तुमच्या हातात सहा पगार आहेत, म्हणून शाळेचे २४,००० धरून महिन्याला ४,००० पासून सुरुवात करा, आणि त्याआधी विम्याचा हप्ता येत असेल तर प्रथम तो धरा. बोनस किंवा पगारवाढीची थकबाकी आली तर ती याच खात्यात टाका. लोकलचा पास मासिक काढत असाल तर तिमाही काढा. तीन महिन्यांचा पास मासिक पासाच्या २.७ पट रकमेत मिळतो. आईवडिलांचे ८,००० मात्र बचतीत किंवा ‘इतर’मध्ये न दाखवता हप्त्याच्या शेजारी लिहा, म्हणजे काटछाट करताना त्यांच्याकडे हात जाणार नाही.