महाधिवक्त्याकडे नेमकं कशासाठी जायचं?

लालबागकर:
अमेरिकेत राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल ग्राहकांच्या वतीने कंपन्यांना कोर्टात खेचतो. आपल्या महाधिवक्त्याला (राज्य सरकारचा मुख्य वकील) ते जमतं का? आणि दुसरं: मुंबईतल्या एका सभेत हायकोर्टाच्या न्यायाधीशांनी पैसे खाल्ल्याचं कुणी जाहीर बोललं, तर अवमान याचिकेला महाधिवक्त्याची संमती लागते म्हणतात. अर्ज कुणाला, कसा करायचा?

फोर्टवाला:
पहिल्याचं उत्तर: नाही. तिथे ४३ राज्यांत हे पद निवडणुकीने भरतात. निवडून आलेला माणूस गव्हर्नरच्या तोंडाकडे न बघता दावा लावू शकतो. १९९८ मध्ये ४६ राज्यांनी सिगारेट कंपन्यांशी केलेला समझोता हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. आपल्याकडे अनुच्छेद १६५ प्रमाणे राज्यपाल नेमतात, पात्रता हायकोर्टाच्या न्यायाधीशाची, मुदत ठरलेली नाही, मर्जी असेपर्यंत पद. मर्जी कागदावर राज्यपालांची, खरी मंत्रिमंडळाची. काम म्हणजे सरकारला कायदेशीर सल्ला देणं आणि मोठ्या प्रकरणांत सरकारची बाजू मांडणं. विधिमंडळात बोलता येतं (अनुच्छेद १७७), मत देता येत नाही. एच. एम. सीरवाई १९५७ ते १९७४ इतका काळ या पदावर होते, तो अपवादच म्हणायचा.

ग्राहकाची तक्रार जिल्हा आयोगाकडे. एकाच प्रकारे पुष्कळांना फसवलं असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण.

अपीलशाखा:
दुसऱ्याचं उत्तर सविस्तर देतो, लोक इथेच घसरतात.

आधी प्रकार बघा. कोर्टाचा आदेश पाळला नाही, हा दिवाणी अवमान. त्याला संमती लागत नाही. तुम्ही म्हणता तो फौजदारी. त्यासाठी न्यायालय अवमान अधिनियम, १९७१, कलम १५ खाली महाधिवक्त्याची *लेखी* संमती. बोलणं सुप्रीम कोर्टाविषयी असेल तर दिल्लीला, केंद्र सरकारच्या अ‍ॅटर्नी जनरल किंवा सॉलिसिटर जनरलकडे.

अर्ज थेट महाधिवक्त्यांच्या नावे करा, पोच घ्या. त्यात: सभेची तारीख आणि जागा, आक्षेपार्ह वाक्यं शब्दशः, रेकॉर्डिंग किंवा कात्रण, मराठी भाषणाचं इंग्रजी भाषांतर, आणि प्रत्येक वाक्याने न्यायालयाची प्रतिष्ठा कशी घसरते ते. ‘भाषण अपमानास्पद आहे’ एवढंच लिहिलं तर अर्ज टिकत नाही. निकालावरची प्रामाणिक टीका अवमान नसते, हे कलम ५ मध्येच आहे.

मुदत एक वर्ष, कलम २०. ती घटनेच्या तारखेपासून मोजतात, संमती मिळाल्याच्या नाही. दहाव्या महिन्यात अर्ज टाकून वाट बघत बसलात तर याचिका मुदतीबाहेर जाण्याचा धोका.

आणि अर्ज टाकला म्हणून संमती मिळाली असं धरू नका. १९९६ च्या दसरा मेळाव्यातल्या भाषणावरून बाळासाहेब ठाकरे यांच्याविरुद्ध नागपूर खंडपीठात अवमान याचिका झाल्या. हायकोर्टाने दोषी ठरवलं. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. भाषणात अवमान होता की नव्हता, त्यात कोर्ट शिरलंच नाही: याचिकेला संमती नव्हती आणि कोर्टाने स्वतःहूनही दखल घेतली नव्हती, एवढ्यावर सगळं कोसळलं.

लालबागकर:
आणि विधि व न्याय विभागाला प्रत पाठवली तर?

अपीलशाखा:
प्रत पाठवा, हरकत नाही. संमती त्यांची चालत नाही. सरकारी वकिलांचीही नाही.

कलम_९१:
भर घालतो. सार्वजनिक उपद्रवाचा दावा (सीपीसी, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ९१) महाधिवक्ता लावू शकतो, पण त्याच्यावाचून अडत नाही. दोन किंवा जास्त माणसं कोर्टाच्या परवानगीने लावू शकतात. जुन्या पुस्तकांत ‘महाधिवक्त्याची संमती हवी’ असं सापडेल. १९७६ च्या दुरुस्तीने ते गेलं. ट्रस्टच्या गैरव्यवहारासाठी कलम ९२ घेऊनही त्यांच्याकडे जाऊ नका, महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांना ते लागूच नाही. तिथे धर्मादाय आयुक्त.

सरकारवर दावा करण्याआधीची कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीसही त्यांच्या नावे काढतात काही जण. ती राज्याच्या सचिवाला किंवा जिल्हाधिकाऱ्याला द्यायची असते. चुकीच्या दारात दिली तर दावा दाखल करताना पहिला आक्षेप तोच.