विल्यम मार्शलची निष्ठा: भाटाच्या शब्दावर किती विसंबायचं?

रानवाट: काल इथे एकाने लिहिलं की विल्यम मार्शल या बाराव्या-तेराव्या शतकातल्या सरदाराने इंग्लंडच्या पाच राजांची चाकरी केली आणि निष्ठा एकदाही ढळू दिली नाही. वाचून राहवेना, म्हणून सविस्तर लिहितोय. ही कीर्ती आली कुठून? तो गेल्यावर मुलाने लिहवून घेतलेल्या १९ हजार ओळींच्या फ्रेंच काव्यातून. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी! १२०५ साली, फ्रान्सने जिंकलेल्या नॉर्मंडीतली आपली जहागीर राखायला, तो इंग्लंडचा राजा जॉन याच्या वैऱ्यापुढे, फ्रान्सच्या राजा फिलिपपुढे, शपथ घेऊन आला. मग जॉनने फ्रान्समधल्या पुआतू प्रांताच्या मोहिमेवर बोलावलं तर गेला नाही. ही निष्ठा?

नाना७२: बखरीत अतिशयोक्ती असते म्हणून बखर जाळता का? फिलिपचा प्रसंगही त्याच काव्यात आहे, आणि जॉनची परवानगी होती असं ते सांगतं.

रानवाट: सांगणारच.

नाना७२: १२१६ साली जॉन मेला, लंडन फ्रेंच राजपुत्र लुईच्या हातात, गादीवर नऊ वर्षांचं पोर. तेव्हा सत्तरीच्या म्हाताऱ्याने कारभार अंगावर घेतला. २० मे १२१७ ला लिंकन शहराच्या लढाईत स्वतः घोडा घातला. तुम्ही जहागीर धरून बसलात!

रानवाट: त्याच्याच फौजेने लिंकन लुटलं. पोरं घेऊन होड्यांतून पळणाऱ्या बायका नदीत बुडाल्या. तेही लिहा.

वाचनवेडी: मला त्याचा बाप डोळ्यांपुढून हलत नाही. ११५२, न्यूबरीचा वेढा. पाच-सहा वर्षांचा विल्यम राजा स्टीफनकडे ओलीस. बापाने शब्द मोडला आणि निरोप धाडला, याहून चांगली पोरं घडवायला हातोडा नि ऐरण माझ्याकडे आहेत. मला सातव्या वर्षी काकांकडे ठेवलं होतं. "धाकटी काय, राहील कुठेही," हे मी दाराआडून ऐकलंय. आज पन्नाशीतही विसरले नाही.

नाना७२: ताई, तो डाव होता. स्टीफन मऊ मनाचा आहे हे बापाला ठाऊक होतं.

वाचनवेडी: फासाकडे नेलेल्या पोराला डाव कळतो? आणि याच विल्यमने पुढे आपली दोन मुलं जॉनकडे ओलीस दिली! कसं जमलं त्याला?

नाना७२: नाही म्हटलं असतं तर बंडखोर ठरला असता. मीही मुलाला वसतिगृहात ठेवलं, दुसरा इलाज नव्हता. बापाला काही वाटत नाही असं पुन्हा लिहू नका.

वाचनवेडी: तसं मी लिहिलंच नाही. तुमच्या मुलाला विचारलंत कधी?

रानवाट: थांबा दोघं. हातोड्याची गोष्टही त्याच काव्यातली. ती तरी खरी कशावरून?

वाचनवेडी: पैसे देणाऱ्याच्या आजोबाला असा निर्दय दाखवून भाटाला काय मिळणार होतं? मला वाटतं, विल्यमच ती घरात सांगत राहिला असणार. म्हातारपणापर्यंत.

रानवाट: एवढ्यापुरतं मान्य. फिलिपच्या शपथेबद्दल नाही.

नाना७२: ताई, मुलाला विचारलं नव्हतं. आज फोन करतो.