मदत हवी आहे: जुने वेब्ली रिव्हॉल्व्हर घेण्यापूर्वी काय तपासावे?

परवान्याची पूर्तता झाली असून, 1915 साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या वेब्ली मार्क 6 या बनावटीचे एक रिव्हॉल्व्हर एका संग्राहकाकडून विकत घेण्याचा माझा विचार आहे. ते रिकामे असल्याची खात्री करून मी घोडा सावकाश मागे ओढून पाहिला, तेव्हा सिलिंडरच्या (काडतुसे ठेवण्याच्या फिरत्या गोल भागाच्या) सहापैकी पाच कप्पे नळीसमोर येऊन पक्के बसले. एक मात्र घोडा पूर्ण चढल्यावरही किंचित मागे राहिला. ही झीज सिलिंडर फिरवणाऱ्या पट्टीची असावी की सिलिंडरमागच्या दात्यांची, आणि ती दुरुस्त होण्याजोगी असते का?

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. मूळ .455 काडतुसांऐवजी .45 एसीपी ही पिस्तुलाची काडतुसे बसावीत म्हणून अशा अनेक रिव्हॉल्व्हरांचे सिलिंडर मागून तासले गेले, आणि त्या काडतुसांचा नेहमीचा दाब या बनावटीला झेपण्यापलीकडचा असतो, हे मला ठाऊक आहे; पण तासलेले सिलिंडर नुसत्या नजरेने कसे ओळखावे? बाहेरची झिलई संशय यावा इतकी नवी दिसते (शंभर वर्षांच्या वस्तूला ती शोभत नाही), शिवाय कोरलेल्या अनुक्रमांकाच्या कडा पुसट झाल्या आहेत. नळीतील आटे (आतल्या पिळदार खाचा) मात्र स्वच्छ आहेत. जाणकार कारागिराला दाखवण्यापूर्वी मी आणखी काय पाहावे?