दिवाळीचे मिक्सर मेपासून बांधून ठेवायचे, की ऑगस्टपासून धावायचं?

गुरुवारची सुट्टी

मिक्सरच्या कारखान्यांत मार्चअखेरीला हा वाद ठरलेला, म्हणून धागा काढतोय. वर्षभर रोज सारखेच नग काढून सणासाठी साठा करावा, की मागणी चढेल तसं उत्पादन चढवावं? माझं मत सपाट उत्पादनाच्या बाजूने आहे.

उदाहरणापुरता मध्यम कारखाना घ्या: ७५० वॅट, तीन भांडी, वर्षाला २,४०,००० नग. एप्रिल ते जुलै महिना १४,००० जातात. ऑगस्टला २६,०००, सप्टेंबरला ३८,०००, ऑक्टोबरला ३६,०००. पुढचे पाच महिने १६,८०० प्रत्येकी. सपाट म्हणजे महिना २०,०००, २६ दिवसांत रोज साधारण ७७०. एप्रिलच्या सुरुवातीला १६,००० हाताशी असले की जुलैअखेर साठा ४०,००० वर जातो आणि ऑक्टोबरअखेर शून्यावर येतो. एकही ऑर्डर चुकत नाही, ओव्हरटाइमची दुप्पट मजुरी नाही, ऑगस्टमध्ये गेटवर नवख्यांची रांग नाही.

उलट बाजूला सप्टेंबरचे ३८,००० त्याच महिन्यात काढायचे तर रोज १,४६० नग लागतील. त्यात गौरी-गणपती. कोकणातली माणसं आठवडाभर गावी जाणार, रजा मंजूर करा किंवा नका करू.

तिसरी पाळी

तक्ता सुबक आहे, पण तो २०२५ च्या पंचांगाचा आहे! २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे घटस्थापना २२ सप्टेंबरवरून ११ ऑक्टोबरला गेली आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरला. ओणम सौर महिन्यावर चालतो. त्याला अधिक मासाशी देणंघेणं नाही, तो ५ सप्टेंबरवरून २६ ऑगस्टला अलीकडे आला. म्हणजे ओणम ते लक्ष्मीपूजन २०२५ ला ४६ दिवस होते, २०२६ ला ७४. दक्षिणेत माल जात असेल तर हा एक सीझन उरतच नाही, मध्ये पितृपक्षाचा खड्डा असलेले दोन होतात. 'मागच्या वर्षी याच महिन्यात किती गेले' या रकान्यावर नियोजन करणाऱ्यांनी निदान सणांचे आकडे तरी पंचांगाप्रमाणे सरकवावेत.

आणि साठा कशाचा? तयार, खोक्यात बंद मिक्सरचा. मे महिन्यात कोणत्या रंगाचे, किती वॅटचे, तीन भांड्यांचे की चार, हे ठरवून टाकायचं. ऑक्टोबरमध्ये पांढरा-जांभळा संपतो आणि गोदामात काळा-लाल पडून राहतो. मग त्याला चॉपर फुकट जोडून खपवायचा.

पैशाची गोष्ट

दोघांनी रुपये लिहिलेच नाहीत. मी लिहितो.

नगाचा कारखाना-खर्च १,६०० धरू. धागाकर्त्याच्या तक्त्यात वर्षभराचा सरासरी साठा साधारण १८,५०० नग येतो, म्हणजे २.९६ कोटी अडकले. ११ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ३२.५ लाख. खोकं साधारण ५० × ३० × २७ सेंटिमीटरचं. सहा थर लावले तर ४०,००० खोक्यांना नुसती जमीन १,००० चौरस मीटर, फोर्कलिफ्टचे रस्ते धरून १,७०० च्या आसपास. म्हणजे १८,००० चौरस फूट. भाडं महिना २२ रुपये फूट धरलं तर सहा महिन्यांचे जवळपास २४ लाख. दोन्ही मिळून नगामागे २३-२४ रुपये.

सहा थर हासुद्धा कागदावरचा आकडा. पुण्याच्या पावसात, पत्र्याच्या शेडमध्ये, पाच पदरी खोकं दमट हवा ओढून मऊ पडतं आणि तळचा थर बसतो. आतला मिक्सर शाबूत असतो, पण चेपलेलं खोकं डीलर घेत नाही. पुन्हा पॅकिंग म्हणजे नवं खोकं, नवं लेबल आणि दोन माणसं. पावसाळ्यात चारच थर लावा आणि खाली लाकडी पॅलेट टाका. जागा दीडपट धरा.

लेबलवरून आणखी एक. खोक्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष छापावंच लागतं. मेचा शिक्का बघून ऑक्टोबरमध्ये दुकानदार 'जुना माल' म्हणून सूट मागतो. शिवाय २७ जुलै २०१८ ला मिक्सरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, तेव्हा ज्यांच्याकडे छापील किमतीचा माल थप्पी लावून होता त्यांचं काय झालं असेल, त्याचा विचार करा. ऐन सीझनच्या तोंडावर एकेका खोक्यावर स्टिकर.

गुरुवारची सुट्टी

२४ रुपये महाग वाटतायत? सीझनला घेतलेल्या नवख्या माणसाची किंमत मांडा की. कपलरचे (मोटरचं फिरणं भांड्यातल्या पात्यांना देणारा तुकडा) आटे उलटे असतात. नवा माणूस सवयीने सुलट्या दिशेने पिळतो, आटे खातो, आणि कपलर अर्धवट बसूनही चाचणीत पास होतो, कारण रिकामा फिरताना त्याच्यावर भारच नसतो. ग्राहकाने ओलं खोबरं घातलं की सुटतो. एबीएस प्लास्टिकच्या बॉडीतला स्क्रू जास्त आवळला की तो ज्यात बसतो तो खांब आतून चिरतो, तेही बाहेरून दिसत नाही. एक तक्रार निवारायची म्हणजे सर्व्हिस सेंटरची फेरी आणि वॉरंटीतला सुटा भाग, यात तुमच्या दहा-पंधरा नगांचे २४ रुपये सहज जातात.

आर्मेचरवाला

तुम्ही सगळे मिक्सर हा एकच नग धरताय, घोळ तिथेच आहे. कारखान्यात दोन वेगळे स्वभाव नांदतात. असेंब्ली लाइन पळू शकते, आर्मेचर (मोटरचा आत फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) सेक्शन पळू शकत नाही.

लाइन बघा. पाळीचे कामाचे साडेसात तास, २७,००० सेकंद. रोज ७७० म्हणजे ३५ सेकंदाला एक नग. १,४६० हवे असतील तर दोन पाळ्यांत ७३० प्रत्येकी, ३७ सेकंदाला एक. लाइनचा वेग तोच, टेबलं तीच, स्क्रू ड्रायव्हर तेच. फक्त दुसरी पाळी, तीस-एक माणसं, दहा आठवडे.

आता आर्मेचर. शाफ्टवर लॅमिनेशन (पोलादी चकत्या) दाबायचं, कम्युटेटर (तारेला वीज पोचवणारी तांब्याच्या पट्ट्यांची कडी) बसवायचा, वाइंडिंग, हुकांचं फ्युजिंग, व्हार्निश, ओव्हन, कम्युटेटर टर्निंग, शेवटी बॅलन्सिंग. बॅलन्सिंगला नगामागे ९० सेकंद धरा. एका मशीनवर पाळीला ३००, मापं-ब्रेकडाउन वजा जाता २५५. तीन मशीनचे एका पाळीत ७६५. सपाट उत्पादनाला हे जेमतेम पुरतं. १,४६० ला दोन पाळ्यांत १,५३० निघतात, म्हणजे एक मशीन साडेतीन दिवस बंद पडलं की तुमची सप्टेंबरची डिस्पॅच तारीख गेली. आणि कोणत्या जागेवरून किती धातू काढायचा हे हाताला कळायला महिने लागतात. कंत्राटी माणूस सोमवारी येऊन गुरुवारी बॅलन्सिंग करत नाही. खराब बॅलन्सचं आर्मेचर मिनिटाला १८,०००-२०,००० फेऱ्यांवर बेअरिंग बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) खातं, ब्रश (कम्युटेटरला टेकलेला कार्बनचा तुकडा) उड्या मारतो, ठिणग्या पडतात आणि कम्युटेटर काळा होतो.

तेव्हा आर्मेचर वर्षभर सपाट काढा, साठा त्याचाच करा, आणि मिक्सर ऑगस्टपासून दोन पाळ्यांत जोडा. आर्मेचर ४०० रुपयांचं धरलं तर सरासरी १८,५०० नगांचे ७४ लाख अडकतात. व्याज ८ लाख, मिक्सरमागे साडेतीन रुपयेसुद्धा नाही. ६० × ४० च्या क्रेटमध्ये २४ बसतात, आठ थर लावले की ४०,००० नगांना रस्त्यांसकट १,००० चौरस फूट पुरतात. रंग, भांडी, खोकं, छापील किंमत, यातलं काहीच मेमध्ये ठरवावं लागत नाही.

पैशाची गोष्ट

+१. १८,००० फुटांचे १,००० झाले, मी गप्प.

साचेबंद

मी गप्प बसणार नाही. आर्मेचर कोणत्या अवस्थेत ठेवणार ते लिहिलं नाहीत. व्हार्निश होऊन टर्निंगआधी ठेवलंत तर बॅलन्सिंग त्याच्या पुढे आहे. म्हणजे साठा अडचणीच्या अलीकडे आणि सप्टेंबरमध्ये तीच तीन मशीनं पुन्हा गळा धरणार. टर्निंग-बॅलन्सिंग करून ठेवलंत तर ताज्या कापलेल्या तांब्यावर पावसाळ्यात थर धरतो आणि शाफ्टच्या उघड्या टोकाला गंज येतो. दोन्हीकडून मार.

दुसरं, लाइन पळाली म्हणजे सगळं पळालं का? १,४६० मिक्सर म्हणजे रोज ४,३८० भांडी. ती बहुतेक बाहेरून येतात. भांडेवाल्याचा प्रेस पळेलही, पण बफिंगला हात लागतात, आणि तोच भांडेवाला आणखी दोन कंपन्यांना माल देतो. दिवाळी सगळ्यांची एकाच दिवशी असते. मोल्डिंगमध्येही तेच: एक साचा उतरवून दुसरा चढवायला दोन-तीन तास, गडद रंगावरून पांढऱ्यावर यायचं तर बॅरल धुवायला पंचवीस-तीस किलो एबीएस वाया. ऑगस्टपासून रंग 'मागणीप्रमाणे' बदलत बसलात तर मशीन निम्मा वेळ रंगच बदलत राहील.

आर्मेचरवाला

पहिला मुद्दा बरोबर आहे, अवस्था लिहायला हवी होती. बॅलन्सिंग करूनच ठेवायचं. साठा अडचणीच्या पलीकडेच हवा, नाहीतर उपयोग शून्य. शाफ्टच्या टोकांना गंजरोधक तेलाचा हात, क्रेटला आतून व्हीसीआय (गंजरोधक वाफ सोडणारी) पिशवी, तोंड बंद. लाइनवर देण्याआधी कम्युटेटरला बारीक पॉलिश पेपर, दोन सेकंदांचं काम, आणि सर्ज टेस्ट (वाइंडिंगच्या इन्सुलेशनची चाचणी) पुन्हा. कम्युटेटरच्या खाचेत पॉलिशची धूळ राहू देऊ नका, साध्या ब्रशने काढा, नाहीतर शेजारच्या पट्ट्या जोडल्या जातात आणि पहिल्याच चाचणीत मोटर धूर काढते.

भांड्यांबाबत तुमचं ऐकतो. हँडल लावायच्या आधीची भांडी, ०.४ लिटर १ लिटरमध्ये आणि १ लिटर १.५ लिटरमध्ये, एकात एक बसतात. भांडेवाल्याला जूनपासून सपाट शेड्यूल द्या आणि बफ झालेला माल त्याच्याकडे पडून न ठेवता उचला. पैसे वेळेवर दिलेत तर सप्टेंबरमध्ये तो तुमचा फोन आधी उचलेल, हे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नसतं.

गुरुवारची सुट्टी

म्हणजे आर्मेचर सपाट, भांडी सपाट, रंगाच्या बॉड्या पण मोठ्या बॅचमध्ये आधी. मग माझ्यापासून वेगळं काय राहिलं? फक्त शेवटचे चौदा स्क्रू!

आणि त्या चौदा स्क्रूंसाठी तीस नवखी माणसं घेताय. उलट्या आट्याच्या कपलरच्या माझ्या मुद्द्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

बुशमधली गळती

मी देतो. कपलर नवख्याला द्यायचाच नाही. दुसऱ्या पाळीसाठी लाइन उभी कापा: पहिल्या पाळीतले जुने दहा जण दुसरीकडे सरकवा आणि त्यांना कपलर, ब्रश बसवणं, भांड्याचा बुश-सील आणि शेवटची चाचणी द्या. नवख्यांना पाय, वायर क्लॅम्प, स्टिकर, खोकं. स्क्रू ड्रायव्हरला टॉर्क क्लच (ठरलेल्या जोरानंतर सुटणारा) लावा आणि पाळीच्या सुरुवातीला मीटरवर तपासा, मग खांब चिरण्याचा प्रश्न माणसावर सोडावा लागत नाही. कपलरसाठी चाचणीत फक्त रिकामं फिरवू नका. एक मिनिट पाणी भरलेलं १.५ लिटरचं भांडं चढवा, कपलरवर भार येतो आणि बुशमधून गळत असेल तर खालच्या टिश्यूवर ठिपका उमटतो.

हे केलं तरी धागाकर्ते एका बाबतीत बरोबर आहेत. सगळ्यात जास्त खपणारं जे एक मॉडेल आहे, त्याचा एकच रंग, तयार खोक्यात आठ-दहा हजार ठेवावेत. ओणमचा माल ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात निघावा लागतो, तेव्हा दुसरी पाळी नुकतीच उभी राहत असते. बाकी चाळीस हजार बांधायची गरज नाही.

साचेबंद

आठ-दहा हजारांना हरकत नाही, पण ते जुलैत बांधा, मेमध्ये नको. मेमध्ये लग्नसराई आणि गावची रजा, उपस्थिती तशीही पडते. सपाट उत्पादनाचा तक्ता मेमध्येच पहिला मोडतो.

आर्मेचरवाला

राहिलं एक. क्रेटवर महिन्याचा रंगाचा ठिपका मारा, मे पिवळा, जून हिरवा असं काहीही. जुनं आधी काढा हे सांगून होत नाही. स्टोअरवाला दाराजवळचा क्रेट उचलतो, कारण आतला काढायला पुढचे हलवावे लागतात. थप्पी दोन्ही बाजूंनी उघडी ठेवा, एकीकडून भरा, दुसरीकडून काढा. ऑक्टोबरच्या लाइनवर पिवळा ठिपका दिसला तर ती थप्पी भिंतीला टेकलेली आहे.