प्रतिसाद: किल्लीचं कवच बदलताना चिप सांभाळा

गाडीच्या रिमोट किल्लीचं प्लास्टिकचं कवच बदलल्यावर किल्ली पुन्हा प्रोग्राम करावी, म्हणजे गाडीशी नव्याने जुळवावी लागते का, असं एकाने विचारलंय. नाही लागत. गाडी ओळखते ती आतल्या सर्किटला आणि चिपला, प्लास्टिकला नव्हे.

मात्र बऱ्याच जुन्या किल्ल्यांत इमोबिलायझरची (ओळखीची चिप नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेची) चिप सर्किट बोर्डावर नसते. कवचाच्याच खाचेत वेगळी बसवलेली असते, चिमुकली, सहज नजरेतून सुटणारी. जुन्या कवचाबरोबर ती कचऱ्यात गेली, तर रिमोटने दारं उघडतील पण इंजिन सुरू होणार नाही. त्यामुळे गाडी नव्या कवचातल्या किल्लीने सुरू करून बघेपर्यंत जुनं कवच फेकू नका.

पातं (कुलपात जाणारा धातूचा भाग) शक्यतो जुनंच वापरा, त्याला धरणारी बारीक पिन ठोकून काढली की बहुतेकदा निघतं. स्वस्त कवचाची बटणं जरा कडक लागतात, पण त्या किमतीत चालायचंच!