तेल तोडलं नसतं तर पर्ल हार्बर टळलं असतं का?

पारावरचे नाना
२६ जुलै १९४१ ला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्टनी जपानचा अमेरिकेतला पैसा गोठवला आणि ऑगस्टपासून तेलही बंद झालं. जपानचं जवळजवळ ८० टक्के तेल अमेरिकेतून यायचं. आरमाराकडे साठा फार तर दोन वर्षांचा. कोंडून मारलं तर मांजरसुद्धा नरडीचा घोट घेतं. मग ७ डिसेंबरला पर्ल हार्बरच्या अमेरिकन आरमारी तळावर जपानी बॉम्ब पडल्यावर 'दगा, दगा' म्हणून ओरडण्यात काय अर्थ?

निशिगंध
नाना, मांजर कोपऱ्यात गेलं कसं तेही सांगा ना! त्याच जुलैत जपाननं दक्षिण इंडोचायनात (आजच्या व्हिएतनामच्या भागातली फ्रेंच वसाहत) सैन्य घुसवलं, त्याचं ते उत्तर होतं. त्याआधीची दहा वर्षं अमेरिकेनं नुसती पत्रं लिहिली. जपाननं चीनचा मांचुरिया प्रांत गिळला, तर १९३२ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री स्टिमसन म्हणाले, हा कब्जा आम्ही मानत नाही. झालं, संपलं. डिसेंबर १९३७ मध्ये नानकिंगजवळ यांगत्से नदीत जपानी विमानांनी 'पनाय' ही अमेरिकन गनबोट बुडवली. माफी आली, बावीस लाख डॉलर आले, प्रकरण मिटलं. चीनवर बॉम्ब टाकणारी विमानं कुणाच्या तेलावर उडत होती? १९३८ मध्ये आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनमध्ये जखमींवर उपचार करायला गेले, तेव्हा अमेरिकेतून भंगार लोखंड जपानला चाललंच होतं. ते थांबायला १९४० चा सप्टेंबर उजाडला. तेल तोडल्याचा नाही, इतकी वर्षं पुरवल्याचा मला राग आहे.

जुना खलाशी
थोडं मधलं बोलतो. सगळं तेल एकदम तोडायचं असं रूझवेल्टनी जाहीर केलंच नव्हतं. परवाना घ्या आणि न्या, असा कागदावरचा मामला. पण पैसे गोठलेले आणि ते सोडणं अमेरिकी परराष्ट्र खात्यातल्या डीन ॲचेसन यांच्यासारख्या अधिकाऱ्यांच्या हाती. त्यांनी सोडलेच नाहीत. परवाना खिशात आणि टँकर रिकामा! सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

पारावरचे नाना
म्हणजे माझंच म्हणणं झालं की! शिवाय जपानचे पंतप्रधान कोनोए स्वतः रूझवेल्टना भेटायला तयार होते. 'आधी मुद्दे ठरवा' म्हणून अमेरिकेनं टोलवलं. मग २६ नोव्हेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हल यांचं पत्र: चीन सोडा, इंडोचायना सोडा. हे बोलणं की हुकूम?

निशिगंध
पत्र वॉशिंग्टनमध्ये हातात पडलं, त्याआधीच जपानी ताफा कुरिल बेटांतल्या हितोकाप्पू खाडीतून निघाला होता. आणि कोनोएंचं काय घेऊन बसलात? १९३७ मध्ये चीनशी युद्ध पेटलं तेव्हा पंतप्रधान हेच, इंडोचायनात सैन्य घुसलं तेव्हाही हेच. त्यांचा शब्द लष्करानं पाळला असता?

आडवाटेचा
तेलावरून भांडताय, पण अमेरिकेचं सर्वांत लाजिरवाणं उत्तर विसरताय. फेब्रुवारी १९४२ च्या रूझवेल्ट यांच्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशानंतर जपानी वंशाची सुमारे १ लाख २० हजार माणसं छावण्यांत कोंडली. त्यातले बहुतेक अमेरिकन नागरिकच. आणि गंमत बघा, जिथे हल्ला झाला त्या हवाईत अशी सरसकट धरपकड नाही; तिथे निम्मी कामं ठप्प झाली असती.

पारावरचे नाना
आडवाटेचे, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. निशिगंध, ताफ्याच्या तारखेचं मान्य. पण कोनोएंना नुसतं भेटण्यात अमेरिकेचं काय जात होतं, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.